दुसरी दोरी

१

खत, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या माणसाला भलता नाद नसावा, असा काही कायदा नाही. केजच्या रविराजला होता. जुन्या जाहिरातींची चित्रं पातळ लाकडावर चिकटवून, केसासारख्या पात्याच्या करवतीने हाताने कापलेली जोडचित्रं तो गोळा करायचा. साबण, चहा, विडी, केशतेल, त्याला काहीही चालायचं. चित्रातल्या बाया गालावर बोट ठेवून हसत असल्या आणि खाली वळणदार अक्षरात कंपनीचं नाव असलं, की गडी खूश. पुठ्ठ्याची, यंत्रावर कापलेली कोडी कुणी दाखवली तर तो नाक मुरडायचा.

दुपारी गिऱ्हाईक पांगलं की शटर अर्धं ओढून तो मधल्या खोलीत यायचा. एका भिंतीला त्याचं टेबल होतं. समोर आढ्याला टांगलेला पाळणा आणि पलीकडे खताच्या गोदामात उघडणारं दार. नाद खरं तर गोदामातच चालायचा, पण औषधांच्या वासाने डोकं धरायचं, म्हणून टेबल आत आलं. योगिताने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळावर आठी घातली. मग तीही कधीमधी एखादा तुकडा उचलून बरोबर जागी बसवू लागली, आणि आठी गेली.

या जोडचित्रांच्या डब्यावर चित्र नसतं. काय बनणार आहे ते जोडणाऱ्याला आधी कळू द्यायचं नाही, ही कापणाऱ्यांची जुनी रीत. दुसरी रीत अशी, की मधेच काही तुकडे वस्तूंच्या आकाराचे कापायचे: किल्ली, पोपट, कात्री. त्यांतला एक आकार कापणाऱ्याचा स्वतःचा, सहीसारखा. रविराज ज्याच्या मागे लागला होता, त्याची सही शेळी होती. शोधता शोधता कळलं, की तो माणूस सटवा नावाचा मेंढपाळ होता. तरुणपणी हैदराबादला खेळण्यांच्या कारखान्यात राहिला, मग परत येऊन मेंढरामागे हिंडला आणि पावसाळ्यात घरी बसून कापत राहिला. आता तो नव्हता. माजलगावच्या धरणाकडेला त्याची वस्ती होती आणि वस्तीवर त्याची म्हातारी बायको, रतनबाई.

२

रतनबाई सामान बांधत होती.

"लेकाकडं चालले, कडा गावाला," ती म्हणाली. "हरिओम तिथं साखर कारखान्यावर हाय. सून पोटुशी हाय, तिच्याजवळ कुणीतरी पायजे."

तिने हातचं न राखता सटवाचे डबे समोर मांडले. रविराज एकेक उघडून शेळी शोधत होता. शेळी सापडली की त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. सगळे डबे झाल्यावर तो उठला, तेव्हा त्याला बाहेर मेंढरं कोंडायच्या जागेत, काट्याच्या कुंपणापाशी आणखी एक डबा दिसला. त्यावर दगड ठेवलेला होता.

"त्यो?"

रतनबाईने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "तुमच्या घरात लेकरू हाय का?"

घरात लेकरू होतं. दवाखाने, नवस, पुन्हा दवाखाने असं करत करत, सगळ्यांनी आशा सोडल्यावर आरोही झाली होती. तिला सहावा महिना चालू होता. पण म्हातारीचा प्रश्न ऐकताच रविराजच्या लक्षात आलं, की खरं सांगितलं तर हा डबा मिळायचा नाही. नाद लागलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं.

"न्हाई मावशी. आमी दोघं आन् आई."

"मग न्या. घरात ठेवायचा न्हाई म्हणून भाईर ठेवलाय. एक तुकडा कमी हाय त्यात."

"हरवला?"

"न्हाई. तेनं ठेवलाच न्हाई."

"कावून?"

"म्या इचारलं न्हाई." तिने वर पाहिलं. आढ्याला पाळणा टांगायच्या दोन कड्या होत्या, गंजलेल्या. "हरिओमला म्या पाळण्यात घातलं न्हाई कवा. पाठीवरच्या झोळीत वाढवला. ती जागा तशीच ऱ्हाऊ द्या, भरू नका."

"न्हाई भरत," रविराज म्हणाला. डबा हातात आला होता, आता तो कशालाही हो म्हणाला असता.

३

चित्र जमायला लागलं तसा तो हरखला. शिशुमोहन ग्राइप वॉटरची जाहिरात होती. हिरव्या नऊवारीतली आई, पितळी घुंगरांचा पाळणा, खिडकीत औषधाची बाटली आणि मागे निळं दार, अर्धवट उघडं. खाली अक्षरं: बाळ शांत, घर शांत. आईच्या हातात पाळण्याची लाल दोरी होती. शेळी खिडकीखाली सापडली.

दार जमेना, कारण कमी असलेला तुकडा तिथलाच होता. आजूबाजूचं सगळं बसल्यावर भोकाचा आकार स्पष्ट झाला. सटवाने तिथे उभं माणूस कापलं होतं. डोकं, खांदे, खाली घोळ आणि एक हात पुढे केलेला. इतर आकार नेहमी चित्राशी संबंध नसलेले असतात, पोपट बाटलीवर, कात्री पदरावर. हा मात्र नेमका दाराच्या उघड्या फटीत उभा होता.

रविराजने चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. पाळण्याला दुसरी दोरी होती. आईच्या हातातली उजवीकडे आणि ही डावीकडे. पाळण्याच्या कोपऱ्यातून निघून चार तुकड्यांवरून ती दाराकडे गेली होती आणि भोकाच्या कडेला, पुढे केलेल्या हातापाशी संपली होती. आईची दोरी सैल होती. ही ताठ होती.

त्याच्या अंगावर काटा आला नाही. उलट आनंदच झाला, कारण छपाईतला फरक म्हणजे गोळा करणाऱ्यांना सोन्याचा तुकडा. माजलगावच्या मोंढ्यात राधाकिशन नावाच्या जुन्या आडत्याच्या पेढीवर हीच जाहिरात चौकटीत लावलेली त्याने पूर्वी पाहिली होती. राधाकिशनकाकांनी त्याच संध्याकाळी मोबाइलवर फोटो पाठवला. आई, पाळणा, बाटली, मागे निळं दार, सगळं तेच होतं. दारात कुणी नव्हतं आणि दोरी एकच होती.

दुसरी दोरी सटवाने वरून रंगवली असेल, असं रविराजने ठरवलं. मग भिंग घेऊन बसला. दोरीचे ठिपके छपाईचे होते, बाकी चित्रासारखेच.

४

"हे चित्र आल्यापासून पोरगी लई शांत झाली," योगिता म्हणाली.

ते खरं होतं. आरोही पोटदुखीने दुपारभर कळवळून रडायची, सगळं घर तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचं. आता पाळण्यात टाकली की गप्प व्हायची. झोपायची मात्र नाही. डोळे उघडे ठेवून गोदामाच्या दाराकडे बघत पडायची. योगिताला कितीतरी महिन्यांनी दुपारी पाठ टेकायला मिळत होती, तिच्या डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. हे बघून रविराजला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून तो पुढचा विचार करायचा नाही.

एका दुपारी वीज गेली. आरोही आजीजवळ पुढच्या ओसरीवर होती. रविराज टेबलापाशी बसला होता, हातात पुसायचं फडकं. मागे कडी वाजली.

किर्र. किर्र.

पाळणा हलत होता. फार नाही, कुणी हाताने झोका देऊन सोडावा तेवढा. त्याने वर पाहिलं, पंखा थांबलेला होता. खिडकीबाहेर शेवग्याची पानं निश्चल होती. मांजर असेल, तो मनात म्हणाला. उठून पाळण्यात पाहिलं, दुपटं होतं, उशी होती. त्याने हाताने पाळणा धरला. थांबला. हात काढला, तसा तो पुन्हा हलला, गोदामाच्या बाजूला आधी.

"रिकामा पाळणा कोण हलवायलंय रे?" ओसरीवरून विमलबाई, त्याची आई, ओरडली. "चांगलं नसतं ते लेकराला, किती येळा सांगायचं."

"मी न्हाई, आई."

"मग कोण हाय आत?"

रविराजने गोदामाचं दार उघडलं. पोत्यांच्या थप्प्या, अंधार, युरियाचा उग्र वास. कुणीही नव्हतं. त्याने दार लावून कडी घातली आणि पाळण्याची दोरी वर गुंडाळून ठेवली. आपण घाबरलोय हे त्याला कबूल करायचं नव्हतं. बायकोला सांगायचं तर म्हातारीला मारलेली थापही सांगावी लागली असती, आणि ती ऐकून योगिताने त्याला उभं आडवं धरलं असतं. म्हणून तो गप्प बसला.

५

मग त्याने ते केलं, जे या नादातला कुठलाही माणूस करतो. तुकडा कमी असला तर तो करून घ्यायचा. त्याचं मन त्याला सांगत होतं, की त्रास सगळा त्या भोकाचा आहे. डोळा सारखा तिथे जातो, भोक माणसासारखं दिसतं, म्हणून नाही नाही ते सुचतं. चित्र पुरं झालं की डोकंही ताळ्यावर येईल.

राधाकिशनकाकांनी पाठवलेला फोटो त्याने स्टुडिओत नेमक्या मापात छापून घेतला. भोकाचा आकार कागदावर उतरवला, लाकडावर चिकटवला आणि सटवासारख्याच बारीक करवतीने कापला. डोकं, खांदे, घोळ, पुढे केलेला हात. काम सुरेख जमलं. फक्त मूळ छपाईत दार रिकामं होतं, त्यामुळे त्याच्या तुकड्यावरही रिकामं निळं दारच आलं होतं. माणसाचा आकार आणि आत कुणी नाही.

तो तुकडा भोकावर धरून दाबणार, तेवढ्यात पाळण्यात आरोही किंचाळली. ते पोटदुखीचं रडणं नव्हतं. श्वास अडकेल असं, तोंड काळंनिळं होईल असं ते रडणं होतं. योगिता पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय झालं? काय चावलं का?"

रविराजने दचकून हात मागे घेतला होता. आरोही गप्प झाली. एकदम, बटण बंद केल्यासारखी.

योगिता आत गेल्यावर त्याने पुन्हा तुकडा चित्राजवळ नेला. नुसता नेला, टेकवला नाही. पाळण्यातून किंचाळी आली. हात मागे घेतला, शांतता झाली. तिसऱ्यांदा करून बघायची त्याची छाती झाली नाही. योगायोग, तो स्वतःशी म्हणाला. तुकडा टेबलाच्या कडेला ठेवून तो बराच वेळ लेकीला छातीशी धरून बसला. ती त्याच्या खांद्यावरून गोदामाच्या दाराकडे बघत होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी माजलगावला माल बघायला जातो असं सांगून तो मोटारसायकलवर निघाला. वस्तीवर कुलूप होतं, रतनबाई लेकाकडे गेली होती. शेजारच्या धनगराने हरिओमचा नंबर दिला. धरणाच्या कडेला, वारा कानात घुसत असताना, रविराजने फोन लावला. हरिओमने तो आईकडे दिला.

"मावशी, केजचा रविराज. तुमी त्यो डबा दिलता."

"बोला."

"तो तुकडा सटवामामानं कुठं ठेवला? कावून काढला?"

"काय झालं?"

"काही न्हाई. सहज इचारतो."

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला.

"लेकरू हाय तुमच्या घरात," रतनबाई म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हाय. मुलगी हाय. मी खोटं बोललो, मावशी."

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "जागा भरली का तुमी?"

"न्हाई. तुकडा केलाय, पण बसवला न्हाई अजून."

"मग बसवू नका. तेला उभं ऱ्हायला जागा लागती, बाबा. ती हाय तोवर ते तिथं उभं ऱ्हातंय. दोरी वढतंय, पर तिथनंच वढतंय. ती जागा गेली तर…" ती थांबली. "तुमी घरी जा. लेकराला उचला. बाकीचं मग बोलू."

त्याने लगेच योगिताला फोन केला. रिंग बराच वेळ वाजली.

"योगिता, टेबलावरच्या चित्राला हात लावू नको. आन् आरोहीला घेऊन ओसरीवर बस."

"अहो, चित्राचं काय सांगता," ती हसून म्हणाली. "मी बसवला की तुमचा तो तुकडा. किती दिवस त्या भोकाकडं बघत बसताय, म्हणलं आल्यावर एकदम पुरं दिसू द्यावं. बसवला तेव्हा पोरगी लई रडली, काय झालंय काय की. आता मात्र गप झाली. छान खेळायली पाळण्यात."

"तिला उचल. आत्ताच्या आत्ता."

"अहो, कशीबशी गप झालीय…"

वाऱ्याने पुढचं ऐकू आलं नाही. त्याने फोन पुन्हा लावला, पुन्हा लावला, कुणी उचलेना. मग फोन खिशात कोंबून किक मारली. धारूरच्या घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागे तो अडकला तेव्हा त्याला रडू फुटलं. तो माणूस भित्रा नव्हता, पण एवढ्या वर्षांनी झालेल्या लेकराचा बाप होता. माझी मला शिक्षा होऊ दे, तो पुटपुटत होता, तिला काही होऊ नये.

७

ऊन कलतीला लागलं होतं. ओसरीवर विमलबाई डोळे मिटून बाजेवर पडली होती. आतून ओळखीचा आवाज येत होता.

किर्र. किर्र.

रविराज भिंतीला टेकला. योगिता झोका देत असणार. पोरगी पाळण्यात आहे, पोरीची आई जवळ आहे, घर जागच्या जागी आहे. त्याला स्वतःचंच हसू आलं. त्या म्हातारीने काय काय डोक्यात भरवलं, आणि आपण शहाणेसुरते…

"आलात?" मागून योगिता म्हणाली.

ती गच्चीच्या जिन्यावरून उतरत होती. कवेत वाळलेले कपडे होते, तोंडात चिमटा.

"पाळण्याजवळ कोण हाय?"

"कोण म्हणजे?" तिने चिमटा काढला. "आई असतील." मग तिला बाजेवर सासू दिसली आणि कपड्यांचा गठ्ठा हातातून हळूहळू खाली गेला.

तो मधल्या खोलीत शिरला. आधी टेबल दिसलं, कारण वाटेत तेच होतं. चित्र पुरं झालं होतं. सांधासुद्धा दिसत नव्हता, इतका तुकडा चपखल बसला होता. हिरव्या नऊवारीतली आई, पाळणा, बाटली, निळं दार. दारात कुणी नव्हतं. आणि ज्या चार तुकड्यांवरून दुसरी दोरी जात होती, ते चारही कोरे होते, नुसती मागची पिवळी भिंत. राधाकिशनकाकांच्या पेढीवरच्या चित्रात आणि त्याच्या चित्रात आता कणभरही फरक उरला नव्हता. रिकामं दार त्याने स्वतःच्या हाताने कापलं होतं.

किर्र. किर्र.

पाळण्यात आरोही होती. धडधाकट, मूठ तोंडात घालून चोखत होती. डोळे उघडे. वीज गेलेल्या दुपारी त्याने वर गुंडाळलेली दोरी सुटलेली होती आणि जमिनीवर पडलेली नव्हती. पाळण्याच्या कोपऱ्यापासून ती खोलीभर आडवी, ताठ गेली होती. त्याने कडी घातलेलं गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं. दोरी त्या फटीतून आत, अंधारात गेली होती. ती ताणली जायची, सैल व्हायची, पुन्हा ताणली जायची, पाळणा तिच्या तालावर जात येत होता.

"योगिता," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तिला उचल."

योगिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे ओठ हलले, पाय हलले नाहीत. मग त्यालाच जावं लागलं. पाळणा आपल्याकडे आला तेव्हा त्याने लेकीला उचलण्यासाठी वाकून हात घातला, आणि झोका थांबावा म्हणून दुसऱ्या हाताने दोरी घट्ट मुठीत धरली.

पाळणा थांबला. कडी वाजायची थांबली. पलीकडेही कुणीतरी थांबलं, हे त्याला मुठीत कळलं.

मग अंधारातून दोरी ओढली गेली. जोराने नाही. लेकराला धक्का लागू नये, इतक्या हळूच.